शिजणे वेगळे, टिकणे वेगळे

(चिरनेर, ता. उरण, जि. रायगड येथील महिला शिबिरात यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कार्यकर्तीने केलेले हे भाषण. कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून येथे देत आहोत.)



मी कोरडवाहू मुलखातली बाई. आमच्याकडे पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी. तुमच्याकडे भात, वाल आणि खाडीची मासळी. मी तुम्हाला शेती शिकवायला आलेली नाही. एक चूक मी केली, ती तुम्ही करू नये आणि माझ्या जिल्ह्यातल्या बायकांनीही करू नये, एवढ्यासाठी उभी आहे.

सकाळी गावात आल्याबरोबर हुतात्म्यांच्या स्मारकापाशी जाऊन आले. २५ सप्टेंबर १९३० रोजी या गावची माणसे अक्कादेवीच्या रानात सत्याग्रहाला गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात आठ जण पडले. त्यात नाग्या महादू कातकरी होता, आगरी होते, कोळी होते. ती माणसे काय मागत होती? राज्य मागत नव्हती. दारातल्या डोंगरावरचे लाकूड आणि गवत आपल्याला वापरता यावे, एवढेच मागत होती. त्याच वर्षी देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. समुद्र दारात, पण त्यातले मीठ उचलले तर गुन्हा. म्हणजे भांडण एकच होते. जे आपल्यापाशी आहे त्याचे काय करायचे, हे आपण ठरवायचे की दुसऱ्याने?

हक्काची ती लढाई त्या लोकांनी रक्त सांडून लढली. पण बायांनो, हक्क मिळाला म्हणजे विद्या मिळते असे नाही. शेतात पिकलेला माल घरात ठेवायला आज कोणी मनाई करत नाही. तरी तो ठेवता येत नाही, कारण ठेवण्याची विद्या आपल्यापाशी अर्धीच आहे. आज मी त्या उरलेल्या अर्ध्या विद्येबद्दल बोलणार आहे.

माजघरातली शेती

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शेतकरी चळवळीने चतुरंग शेतीचा विचार मांडला. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातली माजघर शेती म्हणजे शेतात आले ते तसेच बाजारात न फेकता घरात त्याच्यावर काही काम करायचे, टिकवायचे, मग खायचे किंवा विकायचे. हे काम बाईच्या हातचे. पापड, वड्या, लोणची आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. त्याला शेती म्हणायचे मात्र कोणाला सुचले नव्हते.

आता हिशेब करू. आमच्याकडे विहिरीला थोडे पाणी असले की बाई परसात नाहीतर पऱ्हाटीच्या कडेने टोमॅटो लावते, भेंडी लावते. सगळ्या गावाचा टोमॅटो एकदमच पिकतो. बाजारात नेला तर भाडेही सुटत नाही. मग ढोरांपुढे टाकायचा नाहीतर बांधावर ओतायचा. आणि चैत्र-वैशाखात, विहीर आटली की त्याच बाईने आठवडी बाजारातून तोच टोमॅटो चढ्या भावाने आणायचा. आपण स्वस्ताईत विकणारे आणि महागाईत घेणारे. कापसाचे जे झाले, सरकी विकायची आणि ढेप घ्यायची, तेच चुलीपाशीही झाले आहे.

तर हा माल बाटलीत भरून वर्षभर टिकवता येईल का? येतो. जगात दोनशे वर्षांपासून लोक टिकवत आहेत. पण कसा, हे न शिकता मी हात घातला. त्याची गोष्ट ऐका.

चाळीस बाटल्यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने ठरवले की तुरीचे हिरवे दाणे बाटलीत भरायचे. शहरात राहणारी आमची पोरे हिरव्या तुरीच्या आमटीसाठी जीव टाकतात. उन्हाळ्यात पाठवू, चार पैसे येतील. गटाच्या पैशांतून चाळीस बाटल्या आणल्या. शेंगा सोलल्या, दाणे मिठाच्या पाण्यासह बाटल्यांत भरले, घरच्या कुकरात दोन-दोन बाटल्या ठेवून तीन शिट्या केल्या, झाकण आवळले. दाणे हिरवेगार दिसत होते. फळीवर ओळीने मांडल्या तेव्हा घर कसे भरल्यासारखे वाटले.

तीन आठवड्यांनी नऊ बाटल्यांची झाकणे फुगली. एकीचे झाकण उडून पाणी भिंतीवर गेले. उरलेल्या एकतीस चांगल्या दिसत होत्या. एक उघडून हुंगली. वास नाही.

मी म्हटले, सगळ्या फेकायच्या. सासूबाई म्हणाल्या, "काहून फेकतं वो? वास तं येत नाही. फोडणी देऊन टाक, पोरं खातील." त्यांचे काय चुकले? त्यांनी दुष्काळ पाहिलेला. मूठभर दाण्यासाठी दिवसभर राबलेली बाई ती. तिला अन्न फेकणे म्हणजे पाप. माझ्याकडेही त्यांना द्यायला उत्तर नव्हते. फक्त भीती होती. मी तालुक्याच्या गावी अन्नशास्त्र शिकलेल्या एका बाईंकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चाखली तर नाही ना?"

त्या दिवशी आम्ही चाळीसही बाटल्या काचेसकट खोल खड्ड्यात पुरल्या. उघडलेली बाटली ठेवली होती ती जागा निरमा आणि ब्लिचिंग पावडरने धुऊन काढली. गटाचे पैसे गेले. पुढचे सहा महिने बैठकीत माझ्याकडे कोणी नीट पाहत नव्हते. पण कोणाचे लेकरू गेले नाही. ते का जाऊ शकले असते, हे मला नंतर कळले.

पोपटी आणि पेव

तुम्ही इकडे पोपटी लावता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ. तोंड पाल्याने बंद करायचे, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. थेंबभर पाणी न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. काल रात्री तुम्ही पोपटीचे वर्णन केले तेव्हा मला माझ्या चाळीस बाटल्या आठवल्या. मी पोपटीच केली होती, फक्त काचेत. पोपटी त्याच रात्री खातात. तेच मडके कोणी तीन महिने झाकून ठेवून मग उघडेल का? नाही. म्हणजे शिजणे वेगळे आणि टिकणे वेगळे. शिजायला तीन शिट्या पुरतात. टिकायला पुरत नाहीत.

आता आमच्या मुलखातली गोष्ट. मराठवाड्यात, सोलापूरकडे पूर्वी ज्वारी पेवात साठवत. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचे अस्तर, तोंड मातीने लिंपलेले. आतली हवा दाणेच खाऊन टाकतात, मग कीड जगत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. आधी कंदील सोडून पाहतात. विझला तर आत माणसाला श्वास नाही. म्हणून आपल्या डोक्यात पिढ्यान् पिढ्या बसले आहे की हवा कोंडली की माल टिकतो.

हे खरे आहे, पण वाळलेल्या दाण्यापुरते खरे आहे. ओल्या मालात एक असा जीव असतो की त्याला हवा नको असते. हवा नसली तरच तो वाढतो. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो, म्हणजे आपल्या हातावर, भाजीवर, शेंगेवर सगळीकडे असतो. उघड्यावर तो निरुपद्रवी. पण त्याचे बीज, शास्त्रज्ञ त्याला बीजाणू म्हणतात, असे चिवट असते की उकळत्या पाण्यात तासन् तास राहिले तरी मरत नाही. इतर सगळे जंतू उकळून मेलेले, बाटली बंद, हवा नाही, ओलावा भरपूर. त्याच्यासाठी आपण नांगरून, वखरून शेतच तयार करून ठेवतो. मग तो उगवतो आणि विष तयार करतो. ते विष नसांवर काम करते. माणसाला एकाचे दोन दिसतात, पापण्या मिटतात, जीभ जड होते, घास गिळत नाही, हातपाय ढिले पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. बहुतेक वेळा खाल्ल्यापासून १२ ते ३६ तासांत हे सुरू होते, कधी काही दिवसांनीही. असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. मोठ्या दवाखान्यात न्या आणि बाटलीतले अन्न खाल्ल्याचे सांगा.

कोणी म्हणेल, हे परदेशातले रोग. तसे नाही. १९९६ साली गुजरातेत एका निवासी शाळेत मुले याच जातीच्या विषाने आजारी पडली. त्याच कुळातला दुसरा जंतू होता, आणि अन्न होते बेसनाची शेव.

आणि सर्वांत वाईट म्हणजे विष तयार झालेल्या प्रत्येक बाटलीचे झाकण फुगेलच असे नाही, वास येईलच असे नाही. म्हणून माझ्या सासूबाईंच्या नाकाला ते कळणे शक्य नव्हते. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांचे नाक वरणासाठी होते, या विषासाठी नव्हते.

ही विद्या कशी सापडली

ही चूक फक्त आपली अडाण्यांची नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा मिठाई करणारा माणूस होता. बरण्यांत अन्न भरून, बूच लावून उकळले की ते टिकते, हे त्याने अनेक वर्षे खटपट करून शोधले. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. पण का टिकते, हे त्यालाही माहीत नव्हते. जंतूंचे शास्त्र पुढे आले.

पुढे अमेरिकेत बोस्टनजवळ अंडरवूड नावाच्या मोठ्या कारखानदाराचे डबे फुगू लागले. तो १८९५ साली तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत गेला. प्रेस्कॉट नावाच्या तरुण शास्त्रज्ञाबरोबर त्याने शोधले की उकळीला न मरणारे बीजाणू आत राहतात. त्यांना मारायला उकळीपेक्षा जास्त उष्णता हवी. पाणी उघड्यावर १०० अंशांच्या वर जात नाही, कितीही जाळ करा. वाफ कोंडून दाब वाढवला तर ते ११५, १२० अंशांपर्यंत जाते. १९१७ साली अमेरिकेच्या शेती खात्याने सांगून टाकले की भाज्या, शेंगदाणे, मांस असा आंबट नसलेला माल बाटलीत टिकवायचा तर वाफेच्या दाबाखालीच, दुसरा सुरक्षित मार्ग नाही. आजही तोच नियम आहे.

म्हणजे कारखानदाराचाही माल फुगला होता. फरक एवढाच की त्याच्याजवळ विचारायला जागा होती. आपल्याजवळ नव्हती.

तीन वाटा

आता कामाचे बोलू. घरात आलेला प्रत्येक माल तीनपैकी एका वाटेने जातो. वाट आधी ओळखा, मग चूल पेटवा.

पहिली वाट, उन्हाची. जे वाळते ते वाळवा. तुमचे बोंबील, सुकट. आमच्या मुंगवड्या, सांडगे, वाळलेली गवार, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, अंबाडी. दाणा दाताखाली कट्कन मोडला पाहिजे. मग डब्यात बंद करा. इथे पेवाचे शास्त्र चालते. ऊन फुकट आहे आणि आमच्याकडे तर ते पैशाला पासरी आहे. जे वाळवून टिकते ते बाटलीत भरणे म्हणजे सरपण जाळणे. हरभरा, तूर, चवळी वाळलेलीच ठेवा.

दुसरी वाट, आंबटाची. तो जीव आंबटात उगवत नाही. लोणचे यामुळे टिकते. मीठ आणि आंबटपणा यांनी टिकते, नुसत्या तेलाने नाही. म्हणून सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून फळीवर ठेवू नका, तो हवाबंद ओला माल आहे. आंबट मालाला साधी उकळी पुरते, दाब लागत नाही. कैरी, चिंच, आवळा, लिंबू या वाटेने जातात. टोमॅटो काठावर आहे. काही जाती पुरेशा आंबट नसतात, म्हणून त्यात वरून आंबट घालावेच लागते.

तिसरी वाट, दाबाची. जे आंबटही नाही आणि ओलेच ठेवायचे आहे ते. भेंडी, मटार, भोपळा, पालेभाजी, मांस, मासळी. याला दाबाचे खास भांडे लागते. दुसरा उपाय नाही. मीठ जास्त घातल्याने भागत नाही, कारण बाटलीतले मीठ चवीपुरते असते. दोन तास उकळून भागत नाही.

सुरुवात टोमॅटोपासून

पहिल्या वर्षी फक्त टोमॅटो करा. साधे मोठे पातेले पुरते, पऱ्हाट्यांचा जाळ चालतो, आणि पद्धत जगभर तपासलेली आहे.

पिकलेले, घट्ट, डाग नसलेले टोमॅटो घ्या. वाळून मेलेल्या झाडावरचे घेऊ नका, त्यात आंबटपणा कमी होतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून साल काढा. थोडे कुस्करून उकळायला ठेवा, मग बाकीचे घालत जा, सगळे मिळून पाच मिनिटे उकळू द्या. कांदा, लसूण, मिरची घालू नका. ते आंबटपणा मोडतात. फोडणी उघडल्यावर द्या.

नव्या, गरम पाण्याने धुतलेल्या बाटलीत आधी सायट्रिक ॲसिड घाला. किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळते. लिटरच्या बाटलीला चहाचा अर्धा चमचा, अर्ध्या लिटरला शिगोशीग पाव चमचा. घरचे लिंबू कधी आंबट, कधी फिके, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका. गरम टोमॅटो गळ्याशी अर्धा इंच जागा ठेवून भरा. तोंड स्वच्छ पुसा. झाकण नवे हवे. आतली मऊ कड एकदाच धरते. पातेल्याच्या तळाशी फळी किंवा जाळी ठेवा, नाहीतर बाटली तडकते. पाणी झाकणाच्या वर इंचभर हवे. पुन्हा उकळी आली की तिथून घड्याळ लावा आणि पूर्ण ५० मिनिटे खळखळत ठेवा. ही वेळ समुद्रसपाटीपासून हजार ते तीन हजार फूट उंचीच्या गावांसाठी आहे. विदर्भ-मराठवाड्याचा बराच भाग त्यात येतो. इथे चिरनेरला ४५ मिनिटांत भागेल, पण पाच मिनिटे जास्त झाली तर बिघडत काही नाही.

बाटल्या काढून न हलवता रात्रभर निवू द्या. सकाळी झाकणाचा मधला भाग आत ओढलेला दिसला पाहिजे. दाबल्यावर टकटक वाजला तर ती बाटली त्याच दिवशी खाऊन टाका. बाकीच्यांवर तारीख लिहा आणि अंधारात, थंड जागी ठेवा. वर्षाच्या आत संपवा.

दाबाचे भांडे

दुसऱ्या वर्षी, टोमॅटो बिनचूक जमल्यावर, दाबाच्या भांड्याचा विचार करा. आणि इथे माझ्या चुकीकडे परत येते. घरचा कुकर म्हणजे दाबाचे भांडे नाही का? दाब त्यातही बनतो. पण तो लहान आणि पातळ असतो, चटकन तापतो आणि चटकन निवतो. बाटलीच्या मधल्या दाण्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि ज्या वेळा ठरलेल्या आहेत त्या मोठ्या, जड भांड्यात तपासून ठरल्या आहेत. त्यात चढण्या-उतरण्याचा वेळही धरलेला आहे. शिट्या मोजून हे काम होत नाही.

मोठ्या भांड्यात तळाशी जाळी आणि दोन-तीन इंच पाणी. बाटल्या एकमेकींना न लागता उभ्या. गळ्याशी इंचभर जागा. झाकण आवळून आधी दहा मिनिटे वाफ मोकळी सोडायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा राहिली तर दाब दिसतो पण उष्णता पुरी होत नाही. मग वजन ठेवायचे. हजार फुटांच्या वरच्या गावाला १५ पौंडांचे. वजन हलू लागले की वेळ मोजायची. मध्ये दाब उतरला तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून. म्हणून इथे पऱ्हाट्यांचा जाळ चालत नाही. तो भडकतो आणि बसतो. गॅस लागतो.

वेळ सांगते, लिहून घ्या. परदेशी तक्त्यात लहान बरणी ४७३ मिलिलिटरची आहे. आपली अर्ध्या लिटरची तिच्यापेक्षा मोठी, म्हणून मोठ्या बरणीची वेळ धरायची. दोन मिनिटे उकळून भरलेली भेंडी ४० मिनिटे. मटार ४० मिनिटे. भोपळ्याच्या फोडी ९० मिनिटे, फोडीच, लगदा नाही. वाफवलेली पालक ९० मिनिटे. वेळ झाली की विस्तव बंद. पाणी ओतायचे नाही, वजन उचलायचे नाही. दाब आपोआप शून्यावर येऊ द्यायचा.

तुरीच्या हिरव्या दाण्याची वेळ मी सांगितली नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. हुरड्याचीही नाही. त्यांची तपासलेली वेळ माझ्यापाशी नाही, आणि मटारची वेळ तुरीला लावणार नाही. ज्याची वेळ नाही ते बाटलीत नाही. हुरडा शेतातच गरम खायचा, हा आपल्या आज्यांचा नियम बरोबर आहे.

आणि दाबाखाली केलेली घरची भाजी उघडल्यावर चाखण्याआधी दहा मिनिटे चांगली उकळा, उंचीच्या गावाला आणखी दोन-तीन मिनिटे. विष उकळीने मोडते, बीजाणू मोडत नाही. पण झाकण फुगलेली, गळणारी, उघडताना फुसकारणारी किंवा चुकीच्या रीतीने भरलेली बाटली उकळून वाचवायची नाही. ती पुरायची.

एका घराचे काम नाही

असे भांडे एका घराने घेणे परवडत नाही आणि गरजही नाही. वर्षातून पंधरा-वीस दिवस लागणारी वस्तू. गावात जसा ढोल एक असतो, मोठी कढई एक असते, तसे भांडे एक असावे. पण भांड्याआधी दोन बाया शिकलेल्या हव्यात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, परभणी-अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत विचारा. तुरीच्या दाण्याची वेळ तपासून द्या, अशी मागणी करा. ती मागणी आपण नाही केली तर दुसरे कोण करणार?

आपल्यासारख्याच कापूसवाल्यांची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत साउथ कॅरोलिना हा कापसाचा मुलूख. १९१० साली तिथे मेरी क्रोमर नावाच्या शिक्षिकेने शेतकऱ्यांच्या मुलींचे टोमॅटो क्लब काढले. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा भाग, म्हणजे आपले चार गुंठे. त्यात टोमॅटो लावायचा, स्वतः डब्यात भरायचा, विकायचा आणि पैसा स्वतः ठेवायचा. बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला आणि मुलीच्या हातात स्वतःची मिळकत. त्यांनी सुरुवात भेंडीपासून किंवा मांसापासून केली नाही. टोमॅटोपासून केली.

विकण्याबद्दल एकच सांगते. घरी खायला कोणाची परवानगी लागत नाही. विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी लागते. दाबाखालचा आंबट नसलेला माल विकण्याचा विचार प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय करूच नका. २०२० साली केंद्र सरकारने लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, १० लाखांपर्यंत अनुदान ठरले. ठीक आहे. पण अनुदानासाठी यंत्र घेऊ नका. न शिकता घेतलेले यंत्र म्हणजे माझ्या चाळीस बाटल्या, फक्त जास्त महाग.

शेवटचे

सासूबाईंना मी हे सगळे समजावून सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तवाच सांगतं तं मीच खड्डा खणला असता." तवा मला माहीत नव्हते, हेच तर दुखणे आहे. पुढच्या हंगामात आमच्या गटाने सहा बाटल्या टोमॅटो केला. चाळीस नाही, सहा. सहाही धरल्या. वैशाखात विहिरीचा तळ दिसत होता, तेव्हा त्यातली एक फोडून सासूबाईंनीच रस्सा केला.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढेच करून यावे. आपल्या गावात कोणता माल कोणत्या महिन्यात बांधावर ओतला जातो, ते लिहून आणा. त्याच्यापुढे वाट लिहा. ऊन, आंबट की दाब. आणि ज्याच्यापुढे वाट लिहिता येत नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह करा. ते प्रश्न घेऊन आपण विद्यापीठाच्या दारात जाऊ. चिरनेरची माणसे हक्क मागायला रानात गेली. आपल्याला विद्या मागायला जायचे आहे, आणि तीही तितक्याच ताठ मानेने.